मोटारीतील पंपाची कुरकुर
(नभोवाणीवरील भाषण)

पेट्रोलचा पंप म्हटला म्हणजे हमरस्त्याच्या कडेचे ते ठिकाण आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते, जेथे गाड्या रांगेने येतात, टाकी भरून घेतात आणि चालत्या होतात. परंतु प्रत्येक पेट्रोलच्या मोटारीत आणखी एक पंप असतो, आणि त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. टाकीतील पेट्रोल उचलून इंजिनापर्यंत पोचवावयाचे, एवढेच त्याचे काम. गॅरेजमधील मंडळी त्याला ‘फ्युएल पंप’ किंवा नुसते ‘मोटर’ म्हणतात. तो सुरळीत चालला आहे तोवर त्याचे अस्तित्वही मालकाला ठाऊक नसते. मग एके दिवशी मागील आसनाखालून एक बारीक, चिरका, न थांबणारा गुणगुणाट ऐकू येऊ लागतो. कोणी म्हणतो, दुर्लक्ष करा, गाडी चालते आहे ना? कोणी म्हणतो, पंप गेला, नवा बसवा. माझ्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. त्या आवाजाचा अर्थ कसा लावावा आणि पंप बदलण्याचीच वेळ आली तर ते काम कोणत्या रीतीने व्हावे, यासंबंधी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी शाळेत विज्ञान शिकविणारा शिक्षक आहे, मोटारीचा कारागीर नव्हे. तेव्हा जे सांगणार आहे ते गाडी वापरणाऱ्या सामान्य माणसाच्या बाजूने सांगणार आहे.

हा प्रश्न खर्चाचा आहे, पण केवळ खर्चाचा नाही. आम्ही उचगावची माणसे बेळगाव-वेंगुर्ला मार्गावरची. तुरमुरी, बाची ओलांडून शिनोळीला महाराष्ट्रात शिरावयाचे आणि पुढे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जावयाचे, ही आमची नित्याची वाट. दुसरी वाट बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट अशी गोव्यास जाते. दोन्ही घाटांत रस्ता वळणावळणाचा, पावसाळ्यात धुके दाट, आणि पाठीमागून मालमोटारींची रांग. अशा जागी पंपाने अकस्मात मान टाकली तर इंजिन बंद पडते. इंजिनाबरोबर ब्रेकला मिळणारी मदत जाते, आणि सुकाणू जड होते. गाडीत म्हातारी माणसे आणि मुले असतात. मोबाइलला खेप लागेलच असेही नाही. पंपाचा आवाज ही या प्रसंगाची आगाऊ सूचना असू शकते, म्हणून तिच्याकडे कानाडोळा करणे बरे नव्हे.

पूर्वीच्या गाड्यांत पंपाचा आवाज ओळखणे ही चालकाच्या शिक्षणाचीच एक बाब होती. जुन्या मॉरिस मायनर गाडीत एस. यू. कंपनीचा विजेवर चालणारा पंप असे. चावी फिरविताच तो ‘टक् टक् टक्’ असा भराभर वाजे, कार्बोरेटरची वाटी भरत आली की मंदावे आणि शेवटी थांबे. तो न थांबता जलद वाजत राहिला तर चालक ओळखी की पेट्रोलाऐवजी हवा ओढली जात आहे, म्हणजे टाकी रिकामी आहे किंवा नळीचा जोड सैल आहे. तो मुळीच वाजला नाही, तर आतील विजेची टोके चिकटली असण्याचा संभव. मग पान्याने हलकाच ठोका दिला की पंप पुन्हा टकटकू लागे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत विजेचा पंप नव्हता. तेथे इंजिनाच्या फिरण्याबरोबर एक दांडी हलत असे आणि तिच्या योगाने पंपातील पडदा वरखाली होऊन पेट्रोल ओढले जाई. घाटात इंजिन तापले म्हणजे या पंपातच पेट्रोलाची वाफ होई, पंप वाफेवर फुकट हालचाल करी आणि गाडी थांबे. तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळून रस्त्याच्या कडेला स्वस्थ बसलेले कुटुंब हे उन्हाळ्यातील परिचित दृश्य होते.

या साध्या पंपांचे दिवस सरले ते कार्बोरेटरबरोबर. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खासगी मोटारींना युरोपीय धर्तीच्या धूर-मर्यादा लागू करण्याचा आदेश दिला. पुढे तशा मर्यादा टप्प्याटप्प्याने देशभर आल्या. भारत स्टेज ४ ही पायरी १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ ही १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र लागू झाली. धूर कमी करावयाचा तर पेट्रोल मोजूनमापून दिले पाहिजे, आणि मोजून द्यावयाचे तर ते दाबाने, अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले पाहिजे. पद्मिनीच्या पंपाला दर चौरस सेंटिमीटरला पाव-तीस शतांश किलोग्रॅम इतका दाब पुरत असे. फवाऱ्याच्या गाडीत तो सुमारे तीन किलोग्रॅम, म्हणजे दसपट लागतो. हे काम करणारी विजेची छोटी मोटर टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडवून ठेवलेली असते.

येथे वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, पेट्रोलात विजेची मोटर फिरते, ठिणग्याही उडत असतील, मग टाकी पेट का घेत नाही?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. ज्वलनास नुसते इंधन पुरत नाही, हवाही योग्य प्रमाणात लागते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ते मिश्रण पेटते. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की पेटण्यास हवाच अपुरी पडते, आणि मोटरच्या आत तर हवेऐवजी प्रत्यक्ष पेट्रोलच खेळत असते. हेच पेट्रोल मोटरला थंड ठेवते आणि तिच्या फिरत्या भागांना वंगणही पुरविते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पंपाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते.

आता आवाजाकडे वळू. चावी फिरविली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी मागील आसनाखालून दोनतीन सेकंद मंद गुंजन ऐकू येते. पंप नळीत दाब भरून घेत असतो. हा आवाज निरोगी आहे. तो मुळीच ऐकू आला नाही आणि गाडीही सुरू होत नसेल, तर प्रथम फ्यूज, रिले व तारा पाहाव्यात. गाडी चालू असताना मागून येणारा प्रत्येक आवाज पंपाचाच असतो, असेही नाही. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि गाडी उभी राहताच थांबतो. पट्ट्याचा किंवा अल्टरनेटरचा आवाज पुढून येतो आणि इंजिनाच्या गतीबरोबर चढतो-उतरतो. फवाऱ्यांची बारीक टिकटिक पुढच्या झाकणाखाली असते, ती स्वाभाविक होय. पंपाचा सूर बहुधा एकसारखा राहतो आणि गाडी उभी असतानाही चालू असतो. गाडी अंगणात उभी करून, पंखे व रेडिओ बंद करून, मागील आसनाजवळ कान दिला तर पाच मिनिटांत शंका फिटते. ही परीक्षा सकाळी गाडी थंड असताना एकदा आणि लांबच्या फेरीनंतर एकदा करावी, म्हणजे आवाजात उष्णतेने फरक पडतो का तेही कळते.

आवाज पंपाचाच ठरला, तरी पंप निकामी झाला असे लगेच ठरत नाही. पंप बहुधा उपासमारीमुळे ओरडतो. ही उपासमार तीन प्रकारची असते. पहिली पेट्रोलाची, दुसरी स्वच्छ पेट्रोलाची आणि तिसरी विजेची.

पहिला प्रकार आपल्या सीमाभागात विशेष आढळतो, आणि त्याचे कारण पेट्रोलच्या भावात आहे. राज्याराज्यांचे कर निराळे, त्यामुळे शिनोळीच्या अलीकडचा भाव आणि पलीकडचा भाव यांत तफावत पडते. गोव्याच्या भावाचे आकर्षण तर जुनेच आहे. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरील कर जवळजवळ उठविला होता. पुढे कर पुन्हा आला, तरी गोव्यात जाऊन टाकी भरण्याची सवय मात्र राहिली. मग काटा तळाला टेकलेला असतानाच चोर्ला घाट उतरावयाचा आणि पलीकडे गेल्यावर टाकी भरावयाची, असा हिशेब पुष्कळजण करतात. आजच्या गाड्यांत पंप एका वाटीत बसविलेला असतो, त्यामुळे थोडे पेट्रोल त्याच्याभोवती राहते हे खरे. परंतु टाकीत पेट्रोल थोडे उरले की तेच तेच पेट्रोल फिरून तापते, वळणावर ते एका बाजूस जाते, पंपात हवेचे बुडबुडे शिरतात आणि पंप चिरक्या आवाजाने ओरडू लागतो. थंड करणारे आणि वंगण देणारे पेट्रोलच अपुरे पडले, तर मोटर झिजणार नाही तर काय होईल? लिटरमागे वाचविलेले चार पैसे असे काही हजारांच्या पंपात जातात. काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये, हा साधा नियम पंपाचे आयुष्य वाढवितो.

दुसरा प्रकार अस्वच्छ पेट्रोलाचा. पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. टाकीतील गंज, माती, रबराचा भुगा हे सारे तिच्यावर अडकते. जाळी बुजत गेली म्हणजे पंपाला पेट्रोल ओढताना जोर पडतो, त्याच्या तोंडाशी पोकळी निर्माण होते, पोकळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफेचे बुडबुडे फुटताना आवाज होतो. पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलचाही येथे विचार केला पाहिजे. आपला बेळगाव जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. आपल्या शेतातील ऊस मळीच्या किंवा रसाच्या वाटेने इथेनॉल होऊन आपल्याच टाकीत परत येतो. पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर पोचल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. इथेनॉल वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्याचे दोन गुण जुन्या गाडीच्या मालकाने जाणून असावेत. एक, ते पाणी शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी, नेमके पंपाच्या तोंडाशी, जमतात. दुसरा गुण असा की, वर्षानुवर्षे टाकीत चिकटलेला चिकट थर ते सुटा करते आणि तो थर जाळीवर येऊन बसतो. शिवाय जुन्या धाटणीच्या काही रबरी नळ्या व कड्या त्याने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून जुनी गाडी अर्ध्या टाकीनिशी महिनोन्महिने उभी ठेवू नये. कॅनमध्ये साठविलेले पेट्रोल गाळल्याशिवाय टाकीत ओतू नये, आणि नळ्या बदलताना अशा मिश्रणास टिकणाऱ्याच मागाव्यात.

तिसरा प्रकार विजेचा. पंपाला पूर्ण व्होल्ट मिळाले नाहीत तर तो मंद फिरतो, दाब पुरा पडत नाही आणि चढणीवर गाडी दम टाकते. गंजलेला अर्थिंगचा स्क्रू, काळवंडलेली टिकली, थकलेला रिले अशी क्षुल्लक दिसणारी कारणे त्यामागे असतात. पावसाळ्यात दरवाज्यातून झिरपलेले पाणी आसनाखालच्या गालिच्यात मुरते आणि तेथील जोड महिन्याभरात हिरवे पडतात, हे आपल्या हवेत नवीन नाही.

या संदर्भात आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याच्या गाडीची हकीकत सांगण्यासारखी आहे. गाडी लहान, पत्र्याच्या टाकीची, पंधरा वर्षांच्या वयाची. मार्च महिन्यात तिच्या मागील आसनाखालून गुणगुण सुरू झाली. दुपारच्या उन्हात आणि टाकी उतरल्यावर ती वाढे. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तेथे आवाज ऐकताच पंप बदलावयाचा असे ठरले, तासाभरात तो बदललाही गेला आणि गाडी शांत झाली. सहा आठवडे गेले. मग तोच आवाज परत आला, आणि आता आंबोलीच्या चढावर गाडी धक्के खाऊ लागली. गॅरेजचे म्हणणे पडले, नवा पंपही सदोष निघाला असावा, आणखी एक बसवून पाहू. सहकाऱ्याच्या मिळकतीत दोन महिन्यांत दोन पंप बसणारे नव्हते. त्यांनी उद्यमबागेच्या बाजूला काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना गाडी दाखविली.

मिस्त्रींनी प्रथम काहीच उघडले नाही. “सर, पंप ओरडतोय खरा, पण का ओरडतोय ते आधी बघू या,” एवढेच ते म्हणाले. टाकीचे झाकण काढून त्यांनी आवाजात फरक पडतो का ते ऐकले. फरक पडला नाही, म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट मोकळी होती. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीपाशी व्होल्ट मोजले, ते चौदा भरले. पंपाच्या जोडापाशी मोजले, ते बारालाही कमी भरले. आसनाखालचा अर्थिंगचा स्क्रू गंजून गेला होता. तो घासून स्वच्छ केल्यावर गाडीचे धक्के कमी झाले, पण गुणगुण राहिली. तेव्हा कोठे त्यांनी टाकी रिकामी करून पंप वर काढला. सहा आठवड्यांपूर्वीच्या नव्या पंपाची जाळी तपकिरी चिखलाने लिंपून गेली होती, आणि टाकीच्या तळाशी गंजाचा व पाण्याचा गाळ होता. टाकी उतरवून धुतली, सुकविली, नवी जाळी घातली आणि तोच पंप परत बसविला. गाडी तेव्हापासून आवाज न करता चालते आहे. पहिला पंप खरोखर निकामी झाला होता की नाही, हे मात्र आता कोणीच सांगू शकत नाही, कारण तो केव्हाच भंगारात गेला.

या हकीकतीत तपासणीचा क्रम आपोआपच आला आहे. कान, डोळे, मापन आणि सर्वांत शेवटी पाना, असा तो क्रम. यात आणखी दोनतीन परीक्षांची भर घालतो. टाकीचे झाकण काढताच सुस्कारा येऊन आवाज मंदावला, तर टाकीत हवा येण्याची वाट तुंबलेली आहे. तेथे पंपाचा काहीच अपराध नाही. पेट्रोलच्या नळीला दाबमापक लावून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब मिळतो का ते पाहावे. दाब बरोबर असून आवाज येत असेल, तर पंपाच्या बुडाची रबरी गादी झिजली आहे का, किंवा एखादी नळी पत्र्याला टेकून थरथरते आहे का, हे तपासावे. इंजिन बंद केल्याबरोबर दाब झपाट्याने पडत असेल, तर पंपातील उलटझडप किंवा एखादा जोड गळतो आहे. पंप किती अँपिअर वीज खातो तेही चिमटा-मापकाने मोजता येते. साधारण चार ते आठ अँपिअर ही नेहमीची मर्यादा होय. वीज फार खाल्ली जात असेल तर पंप आतून जड झाला आहे किंवा पुढचा फिल्टर तुंबला आहे, असा तर्क करावा. या साऱ्या परीक्षांना अर्धा-पाऊण तास पुरतो. जाळी स्वच्छ, वीज पुरेशी, टाकी भरलेली, आणि तरीही दाब कमी व सूर चिरका, असे आढळले म्हणजे मग पंप झिजला असे निःशंकपणे म्हणावे.

कधीकधी दोष पंपाच्या घडणीतच असतो. जून २०२० मध्ये होंडा कंपनीने भारतातील २०१८ सालच्या ६५,६५१ गाड्या पंप बदलून देण्यासाठी परत बोलाविल्या. पुढच्याच महिन्यात मारुती सुझुकीने वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्यांचे पंप तपासण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जपानच्या डेन्सो कंपनीने अमेरिकेत आपले लक्षावधी पंप सदोष असल्याचे कळविले. पंपातील प्लास्टिकचे पंखाचाक पुरेशा घनतेचे नव्हते. ते पेट्रोल शोषून फुगे आणि पंपाच्या घराला घासे. अशा दोषाचा खर्च मालकाने सोसावयाचा नसतो. आपल्या गाडीचा चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी केली, तर आपली गाडी त्या यादीत आहे की नाही हे कळते. खिशातून पैसे काढण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी. गाडी जुनी घेतलेली असेल तर अधिकच, कारण परत बोलाविल्याचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.

आता प्रत्यक्ष पंप बदलण्याविषयी. हे काम होतकरू तरुण घरीही करतात. ते अवघड नाही, पण धोक्याचे आहे, आणि म्हणून त्यातील नियम पाळलेच पाहिजेत. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ देते. ती वाफ हवेहून तीनचार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवघरातील दिव्यापर्यंत सरपटत जाते. म्हणून बंद पडवीत किंवा खोल खड्ड्यावर हे काम करू नये. मोकळ्या जागी, सावलीत, वारा खेळत असेल तेथे करावे. जवळ विडी-काडी नको, काचेचा हातदिवा नको, घासणारे यंत्र नको. कोरड्या भुकटीचा अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी असावी. काम करणारा एकटा नसावा.

प्रथम पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करावे. नळीतील पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते आणि दाब उतरतो. हा दाब न उतरविता नळी सोडली तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत जाते. मग बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. टाकीत पेट्रोल पाव भागाहून अधिक असेल तर ते हातपंपाने काढून घ्यावे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची आपल्याकडील प्रथा अत्यंत घातक आहे. फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही जिवावर बेतू शकते. आसन उचलल्यावर झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून घ्यावी, नाही तर तीच धूळ टाकीत पडून नव्या जाळीवर बसेल. कडी सोडविताना लोखंडी छिन्नी व हातोडा न वापरता लाकडी किंवा पितळी तुकडा वापरावा, म्हणजे ठिणगी उडत नाही. पंप वर काढताना पेट्रोल दाखविणाऱ्या काट्याची नाजूक दांडी वाकणार नाही, अशी काळजी घ्यावी.

टाकीत डोकावून तळ पाहिल्यावाचून नवा पंप आत घालू नये. गाळ असेल तर टाकी धुवावी. नवी जाळी आणि झाकणाखालची नवी रबरी कडी हे खर्च टाळू नयेत. जुनी कडी एकदा फुगली की ती पुन्हा नीट बसत नाही, आणि गाडीत पेट्रोलचा वास कायमचा राहतो. त्या जागी डिंकासारखा लेप फासणे हा उपाय नव्हे, तो पेट्रोलाने सुटतो आणि पुन्हा जाळीवरच जातो. सारे जोडून झाल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. चावी फिरवून दोनतीन सेकंद थांबावे आणि बंद करावी, असे तीनचार वेळा करावे. नळीत दाब भरला की जोडापाशी ओल दिसते का ते पाहावे. ओल नाही अशी खात्री झाली म्हणजे इंजिन सुरू करावे आणि सर्वांत शेवटी आसन बसवावे. नवा पंप विकत घेतल्यावर ‘चालतो का पाहू’ म्हणून हवेतच बॅटरीला जोडून फिरविण्याचा मोहही आवरावा, कारण पेट्रोलावाचून फिरणे म्हणजे वंगणावाचून फिरणे होय.

श्रोत्यांपैकी अनेकजण म्हणतील, आम्ही हे काम स्वतः थोडेच करणार? ते खरेच आहे. आपण बहुतेकजण गाडी मिस्त्रींच्या हवाली करतो, आणि तेच योग्य. परंतु हवाली करणे म्हणजे विचारणे सोडून देणे नव्हे. बेळगाव ही ओतकामाची आणि यंत्रकामाची नगरी आहे. हजारांश मिलिमीटरचे माप राखणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. अशा गावात मापन केल्याशिवाय सुटे भाग बदलले जावेत, हे शोभणारे नाही. दोष एकट्या कारागिराचा नसतो. आपणच त्याला “लवकर करा, संध्याकाळी गाडी हवी” असे सांगतो आणि तपासणीची मजुरी देताना कुरकुर करतो. जो अर्धा तास मोजमापात घालवितो त्याला आपण काहीच न दिल्यासारखे वागवितो, आणि जो नवी पेटी फोडून भाग बसवितो त्याला मात्र न बोलता पैसे मोजतो. मग मोजमाप कोण करील?

शाळेत आम्ही मुलांना सांगतो की उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचा. पंपाचा आवाज हा प्रश्न आहे आणि नवा पंप हे त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर आहे. म्हणून पुढच्या वेळी आपल्या गाडीतून असा आवाज आला तर दोन गोष्टी कराव्यात. काम देण्यापूर्वी मिस्त्रींना नम्रपणे विचारावे की दाब किती भरला आणि पंपापाशी व्होल्ट किती मिळाले. आणि काम झाल्यावर जुना पंप मागून घ्यावा, त्याची जाळी उजेडात धरून पाहावी. ती स्वच्छ असेल तर पंपाने आपले आयुष्य पुरे केले असे समजावे. ती चिखलाने भरलेली असेल, तर टाकी धुतल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.